सोडून देता न येणारा मासा

गंधवानीला माझा भाचा बँकेत नोकरीला आहे. त्याच्या भाड्याच्या घरात, पुढच्याच खोलीत, सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी लोखंडी घडवंचीवर बसवलेली आहे. तीत साधारण साडेसहाशे लिटर पाणी राहतं. नुसत्या पाण्याचंच वजन साडेसहाशे किलो, म्हणून त्यानं माडीवरची हवेशीर जागा सोडून खालची, जरा अंधारी जागा घेतली. टाकीत वाळू नाही, पाणवनस्पती नाहीत, रंगीत खडे नाहीत. एक मासा आहे. घरी येणारा प्रत्येक जण आधी पाण्याकडे बघतो, मग माशाकडे, आणि हमखास विचारतो, ‘‘एवढ्या पाण्यात एकच?’’

खरं तर त्या एकालाच ही टाकी पुरत नाही.

इंदूरच्या एका दुकानातून आणला तेव्हा तो वीतभर होता. दुकानदार त्याला ‘मगर मासा’ म्हणाला होता. त्याचं रूढ नाव अ‍ॅलिगेटर गार. मिसिसिपी नदीचा खालचा भाग, टेक्सासपासून मेक्सिकोपर्यंत आखाताला मिळणाऱ्या नद्या, त्यांच्या पुरात भरणाऱ्या पाणथळी हा त्याचा मुलूख. २०११ साली मिसिसिपी राज्यातल्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात सापडलेला गार आठ फूट पाच इंच लांब आणि १४८ किलो वजनाचा भरला होता. वीतभर पिल्लू पिशवीत घालून घरी नेणाऱ्याला हे आकडे कुणी सांगत नाही. सांगतात ते असं, की मासा टाकीच्या मापानं वाढतो. हे खोटं आहे आणि आपल्याकडे मासे पाळणाऱ्यांत यापेक्षा जास्त नुकसान करणारं दुसरं वाक्य नसेल. लहान टाकीत मासा खुंटतो खरा, पण टाकीचा मान राखून नव्हे. स्वतःच्याच घाणीत श्वास घेत, वळायला जागा नसलेल्या पाण्यात अंग वाकडं करत तो खुंटतो. गारच्या बाबतीत तर हे अधिकच जाचक. त्याचं अंग कठीण, हाडासारख्या खवल्यांनी मढलेलं असतं. रोहू जशी शेपटीशी डोकं आणत गर्रकन वळते तसं त्याला वळता येत नाही. म्हणून त्याच्या टाकीची लांबी विचारण्याआधी रुंदी विचारावी. दोन फूट रुंदीच्या टाकीत दोन फुटी गार म्हणजे दर फेरीला नाकाचं टोक काचेवर घासणार.

मी आयुष्यभर धारमध्ये मुलांना जीवशास्त्र शिकवलं. माशांशी माझी ओळख होती ती फॉर्मॅलिनच्या बरण्यांतली आणि विच्छेदनाच्या ट्रेमधली. कॉलेजात आम्ही स्कॉलिओडॉन, म्हणजे लहान जातीची मुशी, कापली. तिच्या मेंदूतून निघणाऱ्या नसा एकेक करून मोकळ्या केल्या, वहीत आकृत्या काढल्या. जिवंत शिकारी मासा समोर बसून, त्याची इच्छा होईल तसं वागताना बघणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते आलं गंधवानीत. भाच्यानं मासे पाळावेत की नाही यावर मत द्यायच्या आधीच मी त्या माशात गुंतले, हे इथेच सांगते. पुढे जे लिहिणार आहे ते त्या गुंतण्यातूनच आलेलं आहे.

तो बहुतेक वेळ काहीच करत नाही. पाण्याच्या मधल्या थरात लाकडाच्या ओंडक्यासारखा तरंगत राहतो, फक्त मागच्या पंखांच्या कडा हलकेच थरथरतात. त्याचे खवले एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे नसतात. शंकरपाळ्याच्या आकाराचे, कडेला कड भिडवलेले, वर काचेसारखं लुकण दिल्यासारखे असतात. उजेड तिरका पडला की प्रत्येक खवल्याची सीमा दिसते. मध्येच तो शांतपणे वर येतो, रुंद जबडा पाण्याबाहेर काढतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जाताना कल्ल्यांच्या फटीतून दोनचार बुडबुडे सोडतो. त्याच्या वाताशयाला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि ते फुप्फुसासारखं काम करतं. आटत आलेल्या, सडलेल्या, प्राणवायू संपलेल्या डबक्यात बाकीचे मासे उलटे तरंगायला लागतात तेव्हा गार वर येऊन हवा पितो आणि जगतो. पाण्याचा पृष्ठभाग आणि टाकीचं झाकण यांच्यात भाच्यानं बोटभर मोकळी हवा ठेवली आहे ती याचसाठी. झाकण मात्र जड, कारण तो उसळी मारतो.

आणि शिकार. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा ती मला दिसलीच नाही. चिमट्यात धरलेला माशाचा तुकडा पाण्यात होता आणि मग नव्हता. पुढच्या वेळी नजर रोखून बसले. तो भक्ष्याकडे तोंड करून जात नाही. सरळ रेषेत तरंगत, जणू दुसरीकडेच निघाल्यासारखा, भक्ष्याच्या बाजूला येतो. अगदी बाजूला आला की डोकं आडवं झटकतो. ते झटकणं डोळ्याला पकडता येत नाही, फक्त पाण्यातली खळबळ उरते. ‘‘मावशी, दिसलं का गं?’’ भाचा विचारतो. त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मला त्याचं लहानपण आठवतं. पावसाळ्यात परसातल्या विहिरीच्या कठड्यावर पोटावर पडून बेडूक बघत बसणारा हाच मुलगा.

या माशाला जिवंत मासे खायला घालणारे लोक पुष्कळ आहेत. ते त्याचं चित्रीकरण करतात, मित्र जमवून दाखवतात. मला ते नको वाटतं आणि माझा आक्षेप केवळ हळवेपणाचा नाही. बाजारातून स्वस्तात आणलेले ते दाटीवाटीचे मासे रोग घेऊन येतात. गोल्डफिशसारख्या माशांत थायमिनेझ नावाचं विकर असतं, ते खाणाऱ्याच्या शरीरातलं ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि महिनोन्‌महिने तेच खाणारा शिकारी हळूहळू दुबळा होतो. भाचा तिलापियाचे तुकडे आणि बुडणारं दाणेदार खाद्य देतो, तेही रोज नाही. नैसर्गिक पाण्यातही त्याला रोज पोटभर कुठे मिळतं?

मांसाहारी मोठ्या माशाचं पाणी लवकर बिघडतं. प्रथिनं खाल्ली की कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. गाळणयंत्रातल्या स्पंजावर आणि चिनीमातीच्या कड्यांवर वस्ती करून असलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट घातक, नायट्रेट त्यामानानं सौम्य, पण तो साठत जातो आणि त्याला घालवायला पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही. गाळणयंत्र इन्व्हर्टरवर लावलेलं आहे, कारण वीज तास-दोन तास गेली तरी जिवाणू गुदमरायला लागतात. आठवड्याला टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे दोनशे लिटर. गंधवानीत, वैशाखात, दोनशे लिटर! गंधवानीच्या वाटेत दिसणाऱ्या फळियांमधून, म्हणजे वस्त्यांमधून, बाया हातपंपावर हंडे लावून बसलेल्या असतात. भाच्याकडे घरकामाला येणारी बाई पहिल्यांदा ते पाणी मोरीत सोडलेलं बघून थबकली. तिनं सरळ विचारलं, ‘‘साहेब, हे मी भाजीला नेऊ?’’ तेव्हापासून ते पाणी नळीनं तिच्या वांग्यांना आणि गिलक्यांना जातं. नायट्रेट म्हणजे झाडाचं अन्नच. तिची वेल मांडवावर मावेनाशी झाली आहे. पण तो प्रश्न तिनं विचारला नसता तर मला सुचला असता का, हे मी अजून स्वतःला विचारते.

गंधवानीहून बाग हे गाव फार लांब नाही. बाग म्हटलं की लोकांना लेणी आठवतात, बाघिनी नदीच्या पाण्यात धुतले जाणारे छापील कापडांचे तागे आठवतात. मला तिथले दगड आठवतात. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात धार जिल्ह्याच्या या पट्ट्यातून डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. टायटनोसॉर नावाच्या, लांब मानेच्या, अवाढव्य शाकाहारी प्राण्यांची ती अंडी. ती ज्या खडकात आहेत त्याला लमेटा म्हणतात. दख्खनचा लाव्हा पसरला त्याच्या जरा आधीचा, साडेसहा कोटी वर्षांहून जुना तो गाळ. याच लमेटाचा एक तुकडा महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आहे. तिथे सापडलेल्या माशांच्या अवशेषांवर आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली लिहिलं आणि त्यांतल्या एकाला नाव दिलं लेपिडॉस्टियस इंडिकस. म्हणजे गार. आपल्या पायाखालच्या मातीतला, डायनासोरांच्या काळातला गार. त्या घराण्याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे खवले दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळातही मिळाले आहेत.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो उठून टाकीपाशी गेला. त्या खवल्यांवरून काचेबाहेरूनच बोट फिरवत म्हणाला, ‘‘म्हणजे हा इथलाच की, मावशी. घरी आलाय.’’

त्या क्षणी मलाही तसंच वाटलं. आणि गार हा प्राणी तसं वाटायला लावणाराच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की जबडा असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांत गारच्या जनुकांमध्ये बदल सगळ्यांत मंद गतीनं होतात. अ‍ॅलिगेटर गार आणि लांब चोचीचा गार यांचा सामाईक पूर्वज किमान दहा कोटी वर्षांपूर्वीचा. तरी या दोघांचा संकर होतो, आणि त्या संकराला पुढे पिल्लंही होतात. दहा कोटी वर्षं वेगळं राहूनही अनोळखी न झालेली दोन घराणी! असा प्राणी समोर तरंगत असताना काळाचा हिशेब आपल्या हातून सुटतो.

पण घरी आलाय हे खरं नव्हे. तो ज्या पाण्याचा होता ते पाणी उरलं नाही. लाव्हानं ती तळी बुजवली, भूखंड हजारो मैल उत्तरेला सरकला, हिमालय उभा राहिला, नर्मदा आज आहे तशी वाहायला लागली आणि त्या नव्या पाण्यात दुसरे धनी आले. मरळ आली, ती तर गारसारखीच हवा पिते. नर आणि मादी दोघंही पिल्लांच्या तांबूस घोळक्याभोवती पहारा देत फिरतात आणि कुणी जवळ आलं तर अंगावर धावून जातात. शिवडा आला, रुंद जबड्याचा, सहा फुटांपर्यंत वाढणारा, रात्री गळाला लागला तर होडी ओढणारा. वाम आली. आणि बाडस, नर्मदेची महाशीर, जिला मध्य प्रदेशानं २०११ साली राज्याचा मासा ठरवलं. वाहतं, स्वच्छ, दगडगोट्यांवरून उसळणारं पाणी तिला हवं. विणीच्या वेळी प्रवाहाविरुद्ध वर चढायला मोकळी वाट हवी. नर्मदेवर बर्गीपासून सरदार सरोवरापर्यंत धरणांची उतरंड झाली आहे. आपल्याच धार जिल्ह्यात निसरपूर, चिखलदा ही गावं सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेली. तिथे नर्मदा आता नदीसारखी वाहत नाही, साठून राहते. अशा पाण्यात बाडसची काय अवस्था होत असेल ते सांगायला माशांचा अभ्यासक लागत नाही. या पाण्यात आणखी एक पाहुणा शिकारी सोडायचा आणि त्याला घरवापसी म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

आणि सोडणारे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये भोपाळच्या बड्या तलावात, खानूगावच्या बाजूला, गळ टाकून बसलेल्या एकाला मगरीच्या तोंडाचा मासा लागला. सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचं छायाचित्र आलं. तो अ‍ॅलिगेटर गार होता. ज्या तलावाचं श्रेय आमच्या धारच्या राजा भोजाला देतात, त्या तलावात टेक्सासचा मासा. पुढच्याच महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना दुसरा सापडला. इतक्या दूरवरून हे मासे पोहत आलेले नाहीत. कुणाच्या तरी टाकीतून, बादलीतून, बहुधा अंधार पडल्यावर, ते तिथे पोचले.

ज्यांनी ते सोडले ते लोक निर्दय असतील असं मला वाटत नाही. मला वाटतं, ते कळवळ्याचे होते. मासा मोठा झाला, टाकी पुरेना, घरातली माणसं कुरकुरायला लागली, बदली झाली. मारवेना. मग मुक्त करू, म्हणून सोडला. आपल्याकडे या मुक्त करण्याला पुण्याचं वलय आहे. पिंजऱ्यातला पोपट विकत घेऊन उडवणं, कोळ्याच्या टोपलीतली मासळी पैसे देऊन पुन्हा नदीत टाकणं. भाच्याच्या शेजारच्या काकू, फार भल्या बाई, दर खेपेला सांगतात, ‘‘मैयामें छोड़ दो बेटा, पुन्न लगेगा.’’ त्यांच्या मनात हा मासा कैदी आहे आणि नर्मदा आई. जवळच हवं असेल तर जीराबादला मान नदीवरचं धरण आहेच, गंधवानी तालुक्यातलं. भाच्याच्या मनातही ते धरण येऊन गेलं होतं. पावसाळ्यानंतर ते तुडुंब भरलेलं बघितलं की साडेसहाशे लिटरची टाकी कुणालाही लाजिरवाणी वाटेल.

एकच मासा, त्यानं काय होणार? हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे. एकट्या गारची धरणात वीण होणार नाही, हे खरं. पण बादली घेऊन काठावर उभा राहणारा प्रत्येक जण आपल्या एकाच माशाचा विचार करत असतो. काच साफ ठेवतो म्हणून घरोघरी ठेवलेला सकर मासा असाच एकेक करून पाण्यात गेला. आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, त्याच्या काटेरी पंखांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. त्या फाटलेल्या जाळ्याचा खर्च सोडणाऱ्याच्या पुण्यातून वजा होत नाही. तो मच्छीमाराच्या संसारातून जातो.

चांगल्या हेतूनं सोडलेल्या माशाची मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र टाकीतल्या माशाची नाही. ती लोणावळ्याची आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या ज्या महाशीरला शास्त्रीय नाव दिलं, ती आपली दख्खनी महाशीर, टोर खुद्री. धरणं, सुरुंग, विष यांमुळे ती संपत चालली तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीनं मत्स्यबीज केंद्र उभं केलं. १९७०च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महाशीरचं कृत्रिम प्रजनन साधलं. हे काम थोर होतं. नदीत मासा संपला तर माणूस तो पुन्हा निर्माण करू शकतो, असा विश्वास त्यानं दिला. लाखो पिल्लं तयार झाली, देशातल्या कितीतरी पाण्यांत ती गेली. कावेरीतही गेली. कावेरीत मात्र आधीपासून एक महाशीर होती, नारिंगी पंखांची, पाठीवर उंचवटा असलेली, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. इंग्रज शिकाऱ्यांच्या छायाचित्रांत दिसणारी ती हीच. लोणावळ्याची पिल्लं तिथे फोफावली आणि ती कुबडवाली महाशीर कमी कमी होत गेली. २०१८ साली ती टोर रेमादेवी असल्याचं अभ्यासकांनी निश्चित केलं तोवर ती अतिसंकटग्रस्त झाली होती. तिच्या ऱ्हासाला धरणं, वाळूउपसा, सुरुंग अशी इतरही कारणं आहेत. पण दुसऱ्या नदीतून आणून सोडलेली तिचीच बहीण हे त्यांतलं एक मोठं कारण मानलं जातं. मासा भारतातलाच, सोडणारे जाणकार, हेतू रक्षणाचा. तरी हे घडलं. मग आम्ही, एक बँकेतला मुलगा आणि एक निवृत्त शिक्षिका, बादलीभर कळवळ्याच्या जोरावर काय ठरवणार?

मोठा मासा जवळून बघण्याची ओढ मला चुकीची वाटत नाही. ती फार जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मत्स्यविनोदाचं प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांच्या खाण्याच्या सवयी, कुठल्या माशाला कसं आमिष टाकावं, हे एका राजानं बारकाईनं लिहून ठेवलं आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडाचा डोह आहे. तिथल्या महाशीर देवीच्या मानल्या जातात, त्यांना कुणी मारत नाही. काठावरून चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात. शाळेच्या एका सहलीत मी तो डोह बघितला होता आणि गारची टाकी बघताना मला तो आठवत राहतो. तिथे मासा बघायला माणूस जातो, मासा माणसाच्या खोलीत येत नाही. माणसाची बदली झाली तरी डोह तिथेच राहतो. मला विचाराल तर मोठ्या माशावर जीव जडवायची ही सर्वांत चांगली रीत आहे, आणि मान, नर्मदा, बाघिनी यांच्या काठीही असे डोह राखले जावेत, असं मला फार वाटतं. पण भाच्याच्या खोलीतला मासा आता डोहात जाऊ शकत नाही. तो आणला गेला आहे. त्याचं काय करायचं, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न आहे.

एका संध्याकाळी आम्ही हे सगळं मोकळेपणानं बोललो. प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयं लोकांचे मोठे झालेले मासे किती म्हणून घेणार? दुसऱ्या शौकिनाला द्यावा, तर त्याची टाकी आणखी दोन वर्षांनी लहान पडणार. मी त्याला हेही सांगितलं, की ठेवणं अगदीच अशक्य झालं तर लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलनं गुंगी देऊन, त्याच पाण्यात मात्रा वाढवत नेऊन, त्याला वेदना न होता मारता येतं. आणि धरणात सोडण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे. भाचा बराच वेळ बोलला नाही. ‘‘तू हे म्हणतेस?’’ एवढंच म्हणाला. मी म्हणाले, ‘‘मीच म्हणते. तुझ्या मावशीला हा मासा आवडतो म्हणून म्हणते.’’

त्यातून ठरलं ते असं. धारला आमच्या जुन्या घराच्या परसात विहीर आहे. तिच्याशेजारी पूर्वी बैलांना पाणी पाजायचा हौद होता, तो फुटून पडला आहे. तिथे बारा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल असा नवा हौद बांधायचा. त्यात जवळजवळ अकरा हजार लिटर पाणी राहील. आठ फूट रुंदीत त्याला अंग न दुमडता वळता येईल. माळव्यातली थंडी त्याला बाधणार नाही, त्याच्या मूळ मुलखातही हिवाळा असतोच. उन्हाळ्यासाठी वर हिरवी जाळी. बदललेलं पाणी पेरूला आणि शेवग्याला. पूर्ण वाढलेल्या गारला हेही अपुरं पडेल, याची मला कल्पना आहे. म्हणून एका बाजूची भिंत पुढे सरकवता येईल एवढी जागा मोकळी ठेवली आहे. तोवर तिथे दुसरं काही लावायचं नाही.

खर्चापेक्षा मला वेळेचा प्रश्न मोठा वाटला. हा मासा पन्नास वर्षांपुढेही जगतो. मी अडुसष्टची, भाचा चौतिसाचा. कुत्रं पाळताना आपण त्याच्या मागे उरणार, हे गृहीत असतं. इथे उलट आहे. म्हणून घराच्या कागदपत्रांबरोबर मी एक पान वेगळं लिहिलं: हौद आणि हौदातला मासा भाच्याकडे, त्याच्यानंतर त्याच्या मुलीकडे, विकायचा नाही, कुठल्याही नदीत, तळ्यात, धरणात सोडायचा नाही, सांभाळणं अशक्य झालं तर काय करायचं, तेही स्पष्ट शब्दांत. भाच्याची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला वाचून दाखवलं तेव्हा तिनं विचारलं, ‘‘मावशीआजी, मी पुण्याला शिकायला गेले तर त्याला खायला कोण देणार?’’ रास्त प्रश्न होता. पानाच्या खाली आणखी एक ओळ वाढवावी लागली.

गवंडी परवा माप घेऊन गेला. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, त्यानं पाणी माशाला सोसवत नाही, म्हणून हौद बांधल्यावर तो भरायचा, उपसायचा, पुन्हा भरायचा, असं काही आठवडे करावं लागेल. पावसाळ्याआधी हे व्हायला हवं, त्यामुळे घाई आहे. त्याला बाकी सगळं कळलं. कळेना ते एकच, की जादा पाणी वाहून जायच्या नळीवर इतकी बारीक, पोलादी जाळी कशाला. ती नळी मागच्या नाल्यात जाते आणि नाला पुढे नदीला, हे भाच्यानं सांगून बघितलं. मग मोबाइल काढून त्यानं भोपाळच्या माशाचं छायाचित्र दाखवलं. गवंड्यानं ते दोन बोटांनी मोठं करून दातांपर्यंत नेलं, थोडा वेळ बघत राहिला, फोन परत दिला.

‘‘एक नळीच्या तोंडाशी, एक शेवटाला,’’ तो म्हणाला. ‘‘दोन लावू.’’